करीमसेठच्या गाडीचं दार

हिवाळा लागला की आमच्या घरात भांडण व्हायचं ते शेगडीवरून. माजरीसारख्या कोळशाच्या गावात राहून शेगडीवरून भांडायचं म्हणजे कमालच, पण आमच्याकडे शेगड्या दोनच होत्या आणि त्यातली मोठी एकच. बाबांनी ऑइलच्या जुन्या पिंपाचा बुडखा कापून, आत जाळी बसवून ती केलेली होती, त्यामुळे कायदा त्यांच्या बाजूने होता. पण लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची भाजी तिच्यावर शिजायची, त्यामुळे आमची पोटं आईच्या बाजूने होती. पहाटे आई चहाला उठायची आणि शेगडी जागेवर नसायची. बाबांनी ती भरून, पेटवून, मागच्या शेडमध्ये नेलेली असायची. मग आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "गाडीले शेकत बसते हा मानूस! बायको गारठून मेली तरी चालते!" आणि शेडमधून ठोकाठोकीचा आवाज मुद्दाम वाढायचा. दुपारी खाणीत सुरुंग उडायचे, फळीवरची भांडी खणखणायची, तेवढ्यापुरतं दोघांचं भांडण थांबायचं आणि भांडी स्थिर झाली की जिथे सोडलं तिथून पुढे सुरू व्हायचं. मला ते आवाज इतके सवयीचे होते की रविवारी सुरुंग उडाला नाही तर जेवण उतरत नसे.

बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड ठोकली आणि गावातल्या स्कूटरी, जीपा, कुणाचा पंप, कुणाची पिठाची चक्की असं सगळं तिथे यायला लागलं. मी बारावीला गणितात आपटून घरी बसलेली. शिवणाच्या क्लासला जा असं आई म्हणायची, मी शेडमध्ये जायची. पोरीच्या जातीला हे शोभतं का, असं विहारात बायका आईला विचारत. आई त्यांना म्हणायची, शोभत नाई, पण ऐकते कोन. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही होता. मी बाबांच्या हाताखाली वर्षभरात इंजिन उतरवायला शिकले. दादा माझ्याहून बराच मोठा, खाणीच्या हापिसात कारकून, इस्त्रीचा शर्ट घालणारा. तो शेडमध्ये पाय टाकताना पँटची घडी दोन बोटांनी वर धरायचा.

करीमसेठची गाडी आली ती भर मे महिन्यात. करीमसेठ गडचिरोलीचे, लाकडाचे व्यापारी, अंगाने भारी आणि बोलायला अगदी सावकाश. आयुष्यभर ट्रक आणि जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर म्हातारपणी त्यांना हौस आली आणि त्यांनी हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली. बसकी, दोनच माणसं बसतील अशी, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि तिची दारं बाहेरच्या बाजूला नाही तर वर उघडायची. दोन्ही दारं उघडली की ती पिलांवर पंख पसरलेल्या कोंबडीसारखी दिसे, म्हणून आमच्या आळीने तिचं नावच कोंबडी ठेवलं. दुखणं एवढंच होतं की उजवीकडचं दार, जिथे करीमसेठची म्हातारी अम्मी बसायची, वर गेलं की तिथे राहत नसे. हळूहळू खाली यायचं. त्या दाराला वर धरणाऱ्या वस्तू दोन. एक म्हणजे छताच्या आत पीळ देऊन बसवलेली पोलादी कांब. दुसरा गॅस भरलेला दांडा, व्हॅनच्या मागच्या दाराला असतो तसा. गॅरेजवाले त्याला शॉकर म्हणतात. बाबांनी पाहिलं, शॉकर मेलेला होता. त्यांनी भंगारातून एका व्हॅनचा शॉकर शोधून आणला, त्याची दोन्ही टोकं घासून, वेल्डिंग करून बसवली आणि दार वर लोटलं. ते असं उभं राहिलं की काय सांगू. त्या दिवशी ऊन एवढं होतं की पाना फडक्यात गुंडाळून धरावा लागत होता. बाबांनी अर्ध्या आळीला बोलावून दार दाखवलं. करीमसेठ खूश होऊन गेले, आणि आम्ही कैऱ्यांचं पन्हं पीत बसलो.

त्यानंतरचा पावसाळा बरा गेला. बिघाड सुरू झाला तो दिवाळीनंतर, आणि तो गाडीत नाही, घरात. बाबांनी एकदा आईच्या चहात मीठ घातलं, आम्ही हसलो. एकदा पौर्णिमेला विहारातून घरी यायला निघाले आणि घरावरून तसेच पुढे गेले, कोळशाच्या वॅगनी भरतात तिथपर्यंत. रेल्वेच्या एका माणसाने त्यांना हाताला धरून आणून सोडलं. "वाट चुकलो नाई, फिरायले गेल्तो," असं ते म्हणाले, आणि आम्ही ते मानलं, कारण मानायला सोपं होतं. मग एका गार सकाळी करीमसेठची गाडी दारात उभी राहिली. ते नेहमीसारखे हसले नाहीत.

"श्रावणभाऊ, दार पडते," ते म्हणाले. "परवा सकाळी अम्मीच्या खांद्यावर आलं. हड्डी बचली, पन आता ती गाडीत बसायले तयार नाई. अन् मले म्हनते, तूच मले मारायले ही गाडी आनली."

बाबांनी गाडी शेडमध्ये घेतली, शेगडीच्या बाजूला. विलायती गाडी, तिला थंडी बाधेल, असं ते मजेत म्हणत. सेठ चहा पिऊन येईपर्यंत त्यांनी दार पुसलं, बिजागरीला ग्रीस दिलं आणि वर लोटलं. दार उभं. दाबलं, हलवलं, आपटलं, तरी उभं. "माह्याकडं तं नाई पडत. पाहा न तुमीच," बाबा म्हणाले. करीमसेठनी पाहिलं, मान डोलावली आणि गाडी घेऊन गेले. आठवडा गेला नाही तोच परत आले. पुन्हा दार पडलं होतं. पुन्हा गाडी शेडमध्ये गेली आणि पुन्हा दार ताठ उभं राहिलं. मात्र या वेळी बाबा त्यांच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "सेठ, हे दार पडते असं तुमी मले पहिले कधी सांगतलंच नाई."

करीमसेठनी माझ्याकडे पाहिलं, मी पान्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "असू द्या श्रावणभाऊ, गाडी राहू द्या तुमच्याकडं," आणि बसने गडचिरोलीला परत गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, दाराची घाई नाई. अब्बाकडं ध्यान दे." त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. मला मात्र त्यांचा असा राग आला की आजही तो पूर्ण गेलेला नाही.

दादाला हे संध्याकाळी कळलं. तो आतल्या खोलीत मला म्हणाला, "सुमे, दार पडते हे बाबाले दिसत नाई, अन् सांगतलेलं त्यायले आठवत नाई. उद्या जॅक काढतील अन् खाली कोन आहे ते इसरतील. खाली तू असशील."

"दार पडतच नाई," मी म्हणाले. "मी पन पाह्यलं. बाबा खरं बोलून राह्यले."

"मग करीमसेठची माय खोटं बोलते? तिच्या खांद्यावर काय आभाळ पडलं?"

मी जायला उठले. दादा म्हणाला, हा महिना जाऊ दे, मग शेडला कुलूप लावतो आणि बाबांना नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे नेतो. तो काही कसाई नव्हता. बोलताना त्याचाच आवाज फुटत होता. आज माझं स्वतःचं वय बाबांच्या त्या वयाच्या पुढे गेलंय, आणि दादाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं हे मला दिसतं. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की बाबांच्या हातातून पाना काढून घेतला तर त्या माणसात मागे काही उरणार नाही. आणि मी मनाशी गाठ बांधून घेतली की सगळं त्या दारावर आहे. दार पडतं तर का पडतं, आणि आमच्या शेडमध्ये का पडत नाही, हे शोधून काढलं की बाबा खरे ठरतील. ते खरे ठरले की त्यांचं डोकं ठीक ठरेल. त्या वयात असला हिशोब पटतो.

मग मी त्या दाराच्या मागे हात धुऊन लागले. बिजागऱ्या खोलून पाहिल्या, झिजलेल्या नव्हत्या. दाराच्या पोकळीत पाणी साचून ते जड झालं असेल म्हणून खालची भोकं तारेने साफ केली. थोडी माती निघाली, बस. करीमसेठ उतारावर गाडी लावत असतील म्हणून गाडीची एक बाजू विटांवर चढवून पाहिली, दार उभंच. कडेचं रबर काढलं, बसवलं, पुन्हा काढलं. हात सुजले. आईने वांग्याचं भरीत केलं, त्यात जवसाची चटणी कालवून पुढ्यात ठेवलं, माझ्या अगदी आवडीचं, मी ताट सरकवून पुन्हा शेडमध्ये गेले तर ती मागून म्हणाली, "त्या दारानं माही पोरगीबी खाल्ली अन् नवराबी." मी दार पडावं म्हणून त्याच्याखाली उभी राहून त्याला शिव्या घालत होते. पड ना रे, एकदा तरी पड. पडत नव्हतं. आणि बाबा शेगडीजवळच्या स्टुलावर बसून ते सगळं पाहत होते. कधी त्यांना आठवायचं की मी काय करतेय, कधी नाही. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "सुमे, खरं सांग. माह्या डोस्क्यात काई बिघडलं आहे का?" मी म्हणाले, नाही बाबा. "दादा हळू बोलते, पन मले ऐकू येते," ते म्हणाले. मी गाडीच्या पलीकडे जाऊन रडले. त्यांना दिसू नये म्हणून नाही. तिथे फडकं होतं म्हणून.

हल्ली माझ्या सुनेच्या गाडीची डिक्की बटण दाबलं की आपोआप वर जाते. मी दरवेळी तिच्याखाली हात धरून उभी राहते. सून हसते, म्हणते, आई, ती पडत नाही. मी म्हणते, हो बाई, आमचं दारही पडत नव्हतं.

महिना संपत आला होता. बाबांना बारीक ताप आला आणि खोकला लागला. म्हणून आईने शेवटी दावा साधला आणि मोठी शेगडी घरात, त्यांच्या खाटेपाशी आणून ठेवली. सकाळी मी शेडचं दार ढकललं. आत अशी थंडी होती की पत्र्यावरून दव ठिबकत होतं. काल वर उघडं ठेवलेलं गाडीचं दार अर्ध्यावर लोंबकळत होतं. मी ते वर लोटलं. ते थोडा वेळ थांबलं आणि हळूहळू, एखादं म्हातारं माणूस खाली बसतं तसं, खाली आलं. मी पुन्हा लोटलं. पुन्हा आलं. बिघडलेली वस्तू पाहून मला एवढा आनंद पुढे कधी झाला नाही. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने हसायला लागले. आई धावत आली. तिला वाटलं आता ही पण गेली.

"शेगडी!" मी म्हणाले. "आई, तू शेगडी नेली!"

"नेली तं नेली. तुह्या बापाले ताप आहे," ती म्हणाली आणि भांडायच्या तयारीने पदर खोचून उभी राहिली.

मी तिच्या गळ्यात पडले. मग स्वयंपाकघरातून उकळतं पाणी आणलं, फडकं त्यात बुडवून पिळलं आणि त्या शॉकरला गुंडाळलं, आई बाबांच्या गुडघ्याला शेक द्यायची तसं. फडकं बदलत राहिले. शेक पुरता लागल्यावर दार वर लोटलं. उभं राहिलं. मग रात्रभर बाहेर राहिलेल्या बादलीतलं गार पाणी ओतलं, आणि बघता बघता दार माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. मी ते तसंच खांद्यावर धरून बाबांना हाका मारल्या. ते अंगावर घोंगडी घेऊन आले. मी धडाधडा सगळं सांगितलं. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा उजळत गेला की मला माझे जुने बाबा दिसले, वर्कशॉपमधून तेलकट डबा हलवत येणारे.

"गॅस थंडीत आखडते," ते म्हणाले. "आपन मे महिन्यात बसवला, उन्हात. अन् आता मीच त्याले रोज शेकून राह्यलो. इथी पडनार कसं? तिकडं सेठच्या अंगनात पहाटे काय थंडी असन!" मग ते दाराखाली वाकले, बोटांनी छत चाचपलं. "शॉकरवर भरोसा ठेवला तिथी चुकलं. या कांबेचा पीळ ढिला आहे. सगळा भार त्या व्हॅनच्या दांड्यावर गेला. दोर आन. पहिले दार बांधाचं, नाई तं कांब सुटली की मुंडकं उडवन."

दादा हापिसला निघाला होता. मी त्याला इस्त्रीच्या शर्टासकट ओढत आणलं. बाबांनी दार आढ्याला दोराने बांधलं, कांबेचं टोक मोकळं केलं, त्यावर लांब पाइप चढवला आणि पीळ वाढवायला आम्हा दोघांना तो ओढायला लावला. "ओढ. अजून. थांब! आता हात सोडला तं तुमची माय रडन, समजलं?" त्यांचा ताप कुठे गेला कोण जाणे. एकेक गोष्ट क्रमाने, एकही चूक नाही. बोल्ट आवळून त्यांनी शॉकर काढूनच ठेवला, दोर सोडला आणि दार लोटलं. नुसत्या कांबेच्या जोरावर ते त्या थंडीत वर जाऊन थांबलं. मग शॉकर पुन्हा लावला. दादाच्या शर्टाला काळे पट्टे पडले होते. तो बाबांकडे पाहत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "कुलूप नाई लावत, सुमे." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

चौकातल्या दुकानातून करीमसेठना फोन केला, उद्या पहाटेच या म्हटलं, ऊन यायच्या आत. ते आले. शेडमध्ये शेगडी नव्हती, श्वासाची वाफ दिसत होती, आणि दार आदल्या दिवसापासून वरच होतं. करीमसेठ त्याच्याखाली जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. बाबांनी त्यांना उन्हाचं, थंडीचं, शेगडीचं, कांबेच्या पिळाचं सगळं नीट समजावून सांगितलं, मास्तरांनी सांगावं तसं. "म्हंजे तुमी बी खरे अन् मी बी खरा," बाबा म्हणाले. करीमसेठनी त्यांना मिठी मारली. आईने आतून लाखोळीचे वडे तळून आणले, शेगडी कुणाची यावरून कुणी भांडलं नाही. मी पोटभर खाल्लं. मला वाटलं, संपलं. खरंच असंच वाटलं.

बाबा हात धुवायला विहिरीवर गेले. जरा वेळ लागला. परत आले ते धोतराला हात पुसत, आणि शेडच्या दारातच थबकले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, वर उभ्या असलेल्या दाराकडे पाहिलं आणि तोंडभर हसले. पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस हसतो तसं.

"अरे वा! असं वर उघडनारं दार! कोनाची गाडी आहे ही?"

करीमसेठच्या हातातला वडा तसाच राहिला. ते खाली पाहू लागले. आईने पदर तोंडाला लावला. मी उठले, बाबांचा हात धरून त्यांना दाराजवळ नेलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. ही करीमसेठची गाडी. हिचं दार पडायचं. इथी नाई पडायचं, तिकडं पडायचं. काऊन, ते कोनालेच समजत नव्हतं. ते अगदी मन लावून ऐकत होते. शेगडीपाशी आले तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

"वा! हे कोनं शोधून काढलं?"

"तुमीच, बाबा."

"मी?" त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केवढं बरं वाटलं त्यांना. "मंग तुह्या दादाले सांगजो. म्हनावं, बापाचं डोस्कं ठीक आहे."

दादा त्यांच्या मागेच उभा होता.

"ऐकलं, बाबा," तो म्हणाला.